सोसायटीच्या ग्रुपवरचा एक मेसेज आणि ५० लाखांची अब्रुनुकसानीची नोटीस: बचाव कोणता घ्यायचा?

चौथा_मजला:
ठाण्यातली ८४ फ्लॅटची सोसायटी. एका सभासदाने ग्रुपवर टाकलेला मेसेज जसाच्या तसा:

"लिफ्टच्या कामाचं कोटेशन ६,४०,००० चं होतं, बिल ९,१५,००० चं पास झालं. फरक २,७५,०००. तीन कोटेशनं घेतलीच नाहीत. सेक्रेटरीने यात कमिशन खाल्लंय. असले चोर कमिटीत नकोत."

नऊ महिन्यांनी सेक्रेटरींच्या वकिलाची नोटीस आली. १५ दिवसांत ग्रुपवर बिनशर्त माफी आणि ५० लाख भरपाई, नाहीतर दिवाणी दावा आणि फौजदारी तक्रार दोन्ही. सभासदाचं म्हणणं एवढंच, की जे लिहिलं ते खरं आहे. एवढा बचाव पुरतो का? नोटिशीला उत्तर देताना काय जपायचं? अंदाज नकोत, कलमं आणि क्रम सांगा.

कोर्टकचेरी:
"खरं आहे" हा दिवाणीत पूर्ण बचाव आहे, फौजदारीत अर्धा. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

फौजदारी बाजू आधी. १ जुलै २०२४ पासूनच्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं, त्याआधीच्याला जुन्या भारतीय दंड संहितेचं (भादंवि) ४९९-५००. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेचाही पर्याय आला. व्याख्येखालचे दहा अपवाद जुने होते तेच आहेत आणि बचाव म्हणजे हे अपवादच. पहिल्या अपवादात सत्य पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. दुसरा सरकारी नोकराच्या कामाबद्दल आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यात ओढू नका. आठवा अधिकार असलेल्या माणसाकडे, उदाहरणार्थ सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे, सद्भावाने केलेल्या तक्रारीला. नववा स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हितरक्षणासाठी सद्भावाने केलेल्या आरोपाला. दहावा सावध करण्यासाठी दिलेल्या सूचनेला. तुमच्या प्रकरणात वजन नवव्यावर, आधाराला पहिला.

नवव्याचा फायदा असा, की आरोप शंभर टक्के खरा असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. सद्भाव दाखवावा लागतो, आणि कायद्यातला सद्भाव म्हणजे मनात पाप नव्हतं एवढंच नव्हे. लिहिण्याआधी योग्य ती काळजी आणि चौकशी केली होती का, हा प्रश्न असतो. अपवाद शाबीत करण्याचा भार आरोपीवरच असतो, पण त्याला निःसंशय पुरावा द्यावा लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं की झालं. सर्वोच्च न्यायालयाने हरभजन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९६६) या निकालात हे सांगितलंय आणि नवव्या अपवादाच्या युक्तिवादात आजही तो निकाल दाखवतात.

आता मेसेज वाक्यावाक्याने तोडा. बचाव संपूर्ण मेसेजचा होत नाही, एकेका वाक्याचा होतो.

पहिली दोन वाक्यं आकडे आहेत, कागद असेल तर पहिला अपवाद. तिसरं, कोटेशनं न घेतल्याचं: हेही तथ्य, पण नकारार्थी. सभेचं इतिवृत्त आणि फाईल पाहूनच लिहिलं होतं हे दाखवावं लागेल. चौथं "कमिशन खाल्लंय" हे थेट गुन्ह्याचं विधान आहे आणि बिल फुगलेलं असणं हा त्याचा पुरावा नव्हे. बिल निष्काळजीपणाने फुगतं, कंत्राटदार फसवतो म्हणूनही फुगतं. पाचवं शिवीच्या जवळ जातं, पण चौथ्याला लागून आल्यामुळे "चोर" हा शब्दही आरोप होऊन बसलाय. खटला चालला तर चौथ्या आणि पाचव्या वाक्यावर चालेल.

"मग प्रश्न विचारायला हवा होता, कमिशन खाल्लं का?" असं सुचवणारे भेटतील. उपयोग नाही. पर्यायाच्या रूपात किंवा उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं व्याख्येखालच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. नाव न घेता "सेक्रेटरी" म्हटल्यानेही सुटका नाही. ८४ घरांत सेक्रेटरी एकच असतो.

भाषेचा किती फरक पडतो हे पाहायचं तर १७ एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. बोरिवलीच्या न्यायालयातली तक्रार, फ्लॅटधारकांनी बिल्डरविरुद्ध इमारतीजवळ फलक लावला होता. सोसायटी स्थापन केली नाही, हिशेब दिला नाही, लिफ्ट, गळती, पाणी अशी तक्रारींची यादी. न्यायालयाने नवव्या अपवादाखाली खटला रद्द केला आणि फलकात फसवणूक, अफरातफर असे शब्द टाळलेत याची मुद्दाम नोंद घेतली. तुमच्या मेसेजची पहिली तीन वाक्यं त्या फलकासारखी आहेत. शेवटची दोन नाहीत.

हिशेबनीस:
कायद्याचं वर आलंय, मी आकड्यांवर येतो, कारण "खरं आहे" हे पहिल्या वाक्यातच डळमळू शकतं.

६,४०,००० चं कोटेशन करासह होतं की कर वगळून? लिफ्टच्या कामाच्या कोटेशनवर बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा" असं असतं. १८ टक्क्यांनी १,१५,२०० होतात, म्हणजे ७,५५,२००. बिल करासह ९,१५,००० असेल तर खरा फरक १,५९,८००. सभासदाने २,७५,००० लिहिलेत. समोरचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारेल आणि "पुरेशी चौकशी केली होती" हा मुद्दा तिथेच फाटेल. फरक आहे हे खरंच राहतं, पण आकडा चुकला की काळजी घेतली नाही असं म्हणायला जागा मिळते.

दुसरं, जादा काम. रोप, गव्हर्नर, कंट्रोल पॅनेल अशी भर मध्येच पडली आणि कमिटीने ठराव करून ती मंजूर केली असेल, तर उरलेल्या १,५९,८०० चाही हिशेब लागतो. ठराव नसेल तर मात्र तुमची बाजू पक्की.

तिसरं, "तीन कोटेशनं" हा नियम कुठून आला ते शोधा. आपल्या सोसायटीचे नोंदणी झालेले उपविधी काढा, त्यात किती खर्चापुढे निविदा लागते आणि ती मर्यादा सर्वसाधारण सभेने किती ठरवलीय ते बघा. सभेने मर्यादा ठरवलेलीच नसेल तर "घेतलीच नाहीत" हे वाक्य खरं असूनही त्यात दोष उरत नाही.

कागद मिळवायचा मार्ग: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली सभासदाला आपल्या व्यवहारांपुरती वही आणि ठरावीक दस्तऐवज पाहता येतात. लेखी अर्ज, पोच घेऊन. दिलं नाही तर उपनिबंधकाकडे. लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचा दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे ओ फॉर्म, यांच्या प्रती उपनिबंधक कार्यालयातूनही मागता येतात. ऑडिटरने लिफ्टच्या खर्चावर शेरा मारलेला असेल तर तो एक शेरा दहा साक्षीदारांना भारी आहे. कलम ८३ खाली चौकशीची मागणीही करा, पण भाषा तपासून. तिथे "कमिशन" लिहिलंत तरी आठव्या अपवादाचं छत्र मिळेल, फक्त सद्भाव तिथेही दाखवावाच लागतो.

एक इशारा. मेसेजनंतर मिळवलेला कागद सत्य शाबीत करायला चालतो, पण लिहिताना काळजी घेतली होती हे शाबीत करायला चालत नाही. त्यासाठी ९ महिन्यांपूर्वी हातात काय होतं ते लागेल: कोटेशनचा फोटो, बिलाचा फोटो, कमिटीला पाठवलेला ईमेल, तारखेसह. दोन गठ्ठे वेगळे ठेवा.

सिव्हिल_साइड:
दिवाणी बाजू.

मुदत: लेखी बदनामीच्या दाव्याला एक वर्ष, मुदत अधिनियमाचा अनुच्छेद ७५, प्रसिद्धीपासून मोजायचं. नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. नऊ महिने झालेत, म्हणजे त्यांच्याकडे तीनच उरलेत. फौजदारीला तीन वर्षं आहेत. म्हणून सभासदाने आता तोच मजकूर पुन्हा कुठेही टाकू नये, कुणाला फॉरवर्ड करू नये, आणि "बघा मला कशी नोटीस आली" म्हणून नोटिशीचा फोटोही ग्रुपवर टाकू नये, कारण नोटिशीत तो मजकूर शब्दशः असतो. नवी प्रसिद्धी, नवं वर्ष. मुदत संपायला आठवडा असताना नेमकं हेच करून बसतात लोक.

५० लाखांचा आकडा मनावर घेऊ नका. नोटिशीत आकडा लिहायला पैसे लागत नाहीत, दाव्यात कोर्ट फी त्या आकड्याच्या प्रमाणात भरावी लागते. दाव्यात तो बऱ्याचदा खाली येतो.

बचाव तीन. सत्य, त्यावर वर आलंय. दुसरा प्रामाणिक टीका: ज्या तथ्यावर टीका आहे ते खरं असावं, वाचणाऱ्याला ती टीका म्हणून ओळखू यावी, आणि विषय लोकांच्या कामाचा असावा. "असले लोक कमिटीत नकोत" ही टीका झाली असती. "चोर" आल्यामुळे घसरलं. तिसरा, मला वाटतं इथे सगळ्यात उपयोगी, सशर्त विशेषाधिकार: सोसायटीच्या पैशात सगळ्या सभासदांचा सारखाच संबंध आहे, म्हणून एका सभासदाने दुसऱ्यांना कळवणं संरक्षित. हे संरक्षण दोन गोष्टींनी जातं, आकस आणि ऐकणारा. ज्यांचा संबंध नाही त्यांच्यापर्यंत मजकूर पोचला की छत्र गळतं. म्हणून ग्रुपमध्ये नक्की कोण कोण होतं ते बघा.

मनाई हुकूम: दाव्यासोबत ते अंतरिम मनाई मागतीलच. एकतर्फी मनाई टाळायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट टाका, म्हणजे "आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका" असा आगाऊ अर्ज. ५० लाखांचा दावा ठाण्यात वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात येईल, कॅव्हेट तिथेच. प्रत सेक्रेटरींना रजिस्टर पोस्ट पोचपावतीसह, आणि पोस्टाची पावती कॅव्हेटला जोडा. मग सुनावणीशिवाय हुकूम होत नाही. सुनावणीत "सत्य सिद्ध करू" एवढं म्हणून भागेल असं धरून चालू नका. जुना इंग्लिश नियम तसा होता, पण मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये महेश्वर जलविद्युत प्रकल्पाच्या प्रकरणात तो आपल्याकडे सौम्य केला: मजकूर प्रामाणिकपणे, लोकहितासाठी आणि खातरजमा करून लिहिला होता का, हे न्यायालय पाहू शकतं. दुसऱ्या पारड्यात मार्च २०२४ चा ब्लूमबर्ग विरुद्ध झी निकाल आहे. सुनावणीआधीच मजकुरावर घाईने बंदी घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. दोन्ही प्रती हाताशी ठेवा.

समन्स लागल्यावर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत, न्यायालयाने कारण नोंदवून वाढवली तर ९० पर्यंत. "सगळं नाकबूल" अशी कैफियत बदनामीच्या दाव्यात आत्मघात आहे. मेसेज लिहिला हे मान्य करून, कुठल्या वाक्याला कुठला बचाव, हे वेगवेगळं लिहावं लागतं. लिहिलंच नाही आणि लिहिलं ते खरं होतं, असं एका दमात म्हणता येत नाही.

चौथा_मजला:
सगळ्यांचे आभार. कोटेशनवर खरंच "कर वेगळा" आहे, आत्ता पाहिलं. कमिटीला मेसेजच्या आधी दोन ईमेल केले होते, उत्तर नाही. ग्रुपमध्ये ११२ नंबर आहेत, त्यात भाडेकरू आहेत आणि एक इस्टेट एजंटही. मेसेज अजून तिथेच आहे, डिलीट करायचा का? शिवाय पोलीस चौकीतून फोन आला की जबाबाला या. आणि सरळ माफी मागून मोकळं व्हायला काय हरकत आहे?

हॅश_काढा:
फक्त डिलीटबद्दल. आधी जतन, मग डिलीट.

चॅट एक्सपोर्ट करा, मीडियासह. मेसेजच्या माहितीचा स्क्रीनशॉट घ्या, म्हणजे कुणाला पोचला, कुणी वाचला ते दिसतं. ग्रुपच्या सभासदांची यादी वरपासून खालपर्यंत सरकवत तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ही फाईल कुठल्याही संपादनाच्या ॲपमध्ये उघडू नका, बाण-वर्तुळं काढू नका. फोन बदलू नका, विकू नका, फॅक्टरी रीसेट तर मुळीच नको.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र आता दोन भागांचं आहे. भाग अ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हीत फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा ठसा, लिहायची असते. एसएचए-२५६ पद्धतीने काढा. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या नमुन्यावर एकट्याच्या सहीचं प्रमाणपत्र अजूनही लोक देतात आणि पुरावा वाचण्याच्या वेळी अडकतात. समोरच्याकडेही हेच लागेल. त्यांच्याकडे नुसता स्क्रीनशॉटचा प्रिंट असेल तर हरकत तिथल्या तिथे घ्या, पुरावा वाचला गेल्यावर नको. मात्र सभासदाने मेसेज लिहिल्याचं नोटिशीच्या उत्तरातच कबूल केलं, तर ही हरकत जवळजवळ निरर्थक होते.

उरला प्रश्न एजंटचा. मेसेज टाकला त्या दिवशी तो ग्रुपमध्ये होता की नंतर आला, हे एक्सपोर्टमधल्या "सामील झाले" ओळीवरून कळतं. नंतर आला असेल तर सिव्हिल_साइड म्हणतात तो मुद्दा बराच वाचतो. सामील झाल्यावर त्याला आधीचे मेसेज आपोआप दिसत नाहीत.

कोर्टकचेरी:
पोलिसांचं: हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करतील, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलम १७४. आणि बदनामीची दखल न्यायालय फक्त बदनामी झालेल्या माणसाच्या तक्रारीवरच घेतं, कलम २२२. त्यामुळे चौकीत जबाब म्हणून पानभर लिहून देण्याची गरज नाही. उद्धटपणा न करता "वकिलामार्फत लेखी कळवतो" एवढं पुरतं. कुणी आयटी कायद्याचं ६६-अ लावू म्हणालं तर ते २४ मार्च २०१५ लाच रद्द झालंय.

तक्रार झालीच तर नागरिक सुरक्षा संहितेत एक टप्पा वाढलाय आणि तो वाया घालवू नका. कलम २२३ प्रमाणे, दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. जुन्या कायद्यात हे नव्हतं, आरोपीला थेट समन्सच दिसायचं. न्यायालयाच्या या नोटिशीला पुष्कळजण "तारीख घ्या, नंतर बघू" करतात. उलट इथेच लेखी म्हणणं द्या: कोटेशन, बिल, दोन ईमेल, उपविधी, आणि नववा अपवाद. समन्स काढताना मॅजिस्ट्रेटला अपवाद विचारात घ्यायला बंदी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या इवेको मॅगिरस निकालात म्हटलंय. प्रोसेस, म्हणजे समन्सचा हुकूम, निघाल्यावर तोच मॅजिस्ट्रेट ती मागे घेऊ शकत नाही (अदालत प्रसाद, २००४), मग सत्र न्यायालयात ९० दिवसांत रिव्हिजन (फेरतपासणी अर्ज) नाहीतर उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली खटला रद्द करण्याचा अर्ज. दोन्हीकडे खर्च वाढतो. समन्स आलं तर पहिल्या तारखेला गैरहजर राहू नका. जामीन हक्काचा आहे, पण गैरहजेरीतून वॉरंट निघतं. पुढच्या तारखांसाठी हजेरी माफीचा अर्ज.

माफीबद्दल माझं मत: द्या, पण फक्त चौथ्या-पाचव्या वाक्यापुरती. ती दोन वाक्यं टिकणारी नाहीत आणि ओढत नेली तर पहिल्या तिघांनाही बुडवतील.

सिव्हिल_साइड:
माफी शब्दावर माझी हरकत. "माफी" लिहिलेला कागद उद्या दाव्यात निशाणी १ म्हणून लागेल, आणि आकस होता, खोटं होतं, दोन्ही कबूल केल्यासारखं वाचलं जाईल.

कोर्टकचेरी:
मान्य. मग "मागे घेतो" आणि "दिलगीर", आणि आधी "हक्क अबाधित ठेवून". फौजदारीत ही तडजोड चालते, गुन्हा बदनामी झालेल्या व्यक्तीच्या संमतीने मिटवता येतो. मजकूर साधारण असा ठेवा:

"दि. … च्या माझ्या मेसेजमधील कोटेशनच्या रकमेत जीएसटी धरलेला नव्हता. तो धरल्यास फरक १,५९,८०० होतो. या फरकाबद्दल मी कमिटीकडे ईमेलने माहिती मागितली आहे व ती मागणी कायम आहे. त्याच मेसेजमधील शेवटची दोन वाक्यं मी मागे घेतो व त्याबद्दल दिलगीर आहे. हे निवेदन माझे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून करत आहे."

मागे घेतलेली वाक्यं यात पुन्हा उद्धृत केलेली नाहीत, ते मुद्दाम. ग्रुपवर टाकायच्या आधी हा मसुदा नोटिशीच्या उत्तरासोबत त्यांच्या वकिलाला पाठवा, रजिस्टर पोस्टाने. त्यांनी होकार दिला तर टाका आणि नोटीस मागे घेतल्याचं लेखी घ्या. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर तरीही टाका, मग जुना मेसेज सगळ्यांकडून काढता येत असेल तर डिलीट करा. नुकसान कमी करायचा प्रयत्न कुणी केला, हे भरपाईच्या वेळी बघतात.

हिशेबनीस:
टाकण्याआधी १,५९,८०० मधला जादा कामाचा ठराव आहे की नाही ते तपासून घ्या. दुरुस्तीचा आकडाही चुकला तर दुसरी नोटीस त्यावर येईल.

सिव्हिल_साइड:
आणि कॅव्हेट ९० दिवसच चालते. आज टाकली तर त्यांची एक वर्षाची मुदत संपायच्या आसपासच ती संपेल. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहा. कॅव्हेट आधी संपत असेल तर ती संपायच्या दोन दिवस आधी नवी टाका, जुनीची मुदत वाढवून मिळत नाही.